जपून हाताळावे

पुस्तकाच्या पाठीवरचं ओलं फडकं बाइंडरने उचललं आणि बोथट सुरीने आतला कागद अलगद सुटा केला. वीस वर्षांपूर्वी त्यानेच लावलेलं अस्तर ते. पुस्तक मधमाशीपालनाचं, चांगलं जाडजूड, म्हणून अस्तराची पट्टीही चार बोटं रुंद. ती त्याने उलटी केली आणि हातातली सुरी खाली पडली.

पट्टीवर बायकोचं अक्षर होतं. बॉलपेनचं, म्हणून टिकलेलं.

"काय झालं हो काका?" समोरच्या स्टुलावरून लायब्ररीतल्या बाईंनी विचारलं. दुरुस्तीची पुस्तकं घेऊन त्या महिन्यातून एकदा यायच्या आणि गप्पा मारल्याशिवाय हलायच्या नाहीत.

"सापडलं! आठ दिवस घर पालथं घातलं, आणि हे इथं लपून बसलंय."

बायकोला जाऊन सहा वर्षं झाली होती. आठ दिवसांपूर्वी लेकीचा फोन आला. "बाबा, आईचं अक्षर कसं होतं तेच मला आठवेना. चार ओळी तरी शोधून ठेवा ना." त्यात काय मोठंसं, म्हणून तो उठला. डबे झाले, कपाटं झाली, गादीखालीही हात घालून झाला. सापडली ती सगळी त्याचीच खुळं. दोराच्या गाठींचे नमुने, ताऱ्यांचे नकाशे, फुटकी भिंगं. बांधायला आलेलं पुस्तक चार पानं वाचल्याशिवाय त्याला राहवायचं नाही, आणि वाचलं की महिनाभर तेच डोक्यात. गाठींचं पुस्तक आलं तेव्हा घरातला एक पडदा धड उघडत नव्हता! स्वतःची चिंधी न् चिंधी त्याने जपली होती. बायकोचा मात्र एक कागद नाही. लेकीला कुठल्या तोंडाने सांगायचं, या विचाराने त्याला जेवण गोड लागेना.

आता कळलं. कागदाचा कपटाही वाया घालवायचा नाही, हा त्याचाच दंडक. तिची चिठ्ठी कामाची उरली नाही की दुकानातल्या खोक्यात, आणि खोक्यातून पुस्तकाच्या पाठीत. इतकी वर्षं तो तिचं अक्षर खळ लावून लायब्ररीत पाठवत होता.

"अहो, वाचा तरी," बाई म्हणाल्या.

त्याने चष्मा पुसला. "साबण. पांढरा दोरा. मीठ, विसरू नये." त्याला हसू आलं. "आणि खाली, 'ह्यांनी मधमाश्या आणल्याच तर मी'..."

"तर मी काय?"

"कापलंय." पट्टीच्या कडेला वाक्य संपलं होतं. काप अगदी सरळ होता. कात्री त्याचीच आणि हातही त्याचाच.

"तर मी माहेरी जाईन! दुसरं काय लिहिणार?"

"तिला माहेर नव्हतं हो."

त्याने पट्टी टेबलावर सरळ पसरली.

"आणल्या मी," तो म्हणाला. "घरामागे पेटी ठेवली. म्हटलं, आता घर डोक्यावर घेते ही. पण एक शब्द बोलली नाही. सकाळी बघतो तर पेटीशेजारी ताटलीत पाणी, आणि पाण्यात खडे. माश्यांना टेकायला, बुडू नयेत म्हणून. पुस्तक मी वाचलेलं, सुचलं तिला."

लेकीसाठी हाती आलं होतं तेवढं पुष्कळ होतं. पुढचं वाक्य त्याला स्वतःला हवं होतं, फार हवं होतं. ते कुठे आहे हेही त्याला ठाऊक होतं. एका कागदाच्या दोन पट्ट्या निघायच्या. मधमाश्यांच्या पुस्तकामागोमाग त्याच दिवशी, दुसरी पट्टी लावून, त्याने ताऱ्यांचं पुस्तक बांधलं होतं, आणि पुढे पंधरा दिवस गच्चीतून खाली उतरला नव्हता.

"बाई, ते ताऱ्यांचं जाडं पुस्तक. कसं आहे?"

"फिरतंय की अजून. कालच परत आलं."

"पाठ सुटलीय का कुठं?"

"तुम्ही बांधलेली? पुठ्ठा झिजेल काका, पाठ नाही हलायची."

एरवी असं कुणी म्हटलं की त्याची कॉलर ताठ व्हायची. आज त्याने पट्टीच्या कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं.

"आणून देते," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "उसवा. मी लिहीन रजिस्टरात, जीर्ण झालं होतं म्हणून."

त्याने पडलेली सुरी उचलली, पुसली आणि जागेवर ठेवली. "धडधाकट पुस्तक उसवायचं? छे छे. या हातांनी व्हायचं नाही ते. आपोआप सुटलं तर गोष्ट वेगळी."

बाई पिशवी सावरत उठल्या. त्याच्या पुढ्यात छापील चिठ्ठ्यांचा गठ्ठा होता. 'पुस्तक जपून हाताळावे.' बांधलेल्या प्रत्येक पुस्तकात, पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला, तो ती स्वतः चिकटवायचा. त्याने वरची एक उचलली आणि नुसतीच हातात धरून बसला.

बाई दारापाशी पोचल्यावर त्याने हाक मारली. "ताऱ्यांच्या पुस्तकात ही चिठ्ठी असेल ना?"

"असणारच. तुम्हीच लावलेली."

"तेवढी काढून टाका."