पाठीमागचं

आमच्या कात्रजच्या सोसायटीत संध्याकाळी बाकावर बसणाऱ्या बायका आपल्या गप्पांना गॉसिप म्हणत नाहीत, 'चौकशी' म्हणतात. नियम एकच: समोर जो असेल, त्याच्या घरातलं काही बोलायचं नाही.

प्रेमलाकाकू त्या बाकावर कधीच बसल्या नव्हत्या. "नुसत्या कुचाळक्या," असं पुटपुटत त्या पुढे निघून जायच्या. त्यांचा मुलगा प्रज्ञेश बाइकच्या अपघातात गेला आणि त्यानंतर त्या लांबून दिसल्या तरी बाक गप्प व्हायला लागला.

काल त्या थेट येऊन बसल्या. शर्मिलाकाकूंनी घाईघाईने भाजीच्या भावांचा विषय काढला.

"भाव राहू द्यात. प्रज्ञेशबद्दल माझ्या पाठीमागे काय बोलायचात, ते सांगा."

"अहो, आम्ही कशाला काही बोलू?"

"बोलायचात. मला ठाऊक आहे. भांडायला नाही आले मी."

शर्मिलाकाकू ओढणीच्या टोकाशी चाळा करत राहिल्या. मग खाली बघत म्हणाल्या, "गच्चीत सिगारेट ओढायचा. आणि एक मुलगी होती. तिला सोडायला जायचा, तर तासन्‌तास तिच्या गेटवरच उभा. आम्ही हसायचो."

"कशी होती?"

"सावळी. चष्मा होता. फार बडबडी."

प्रेमलाकाकूंनी हातातली पिशवी खाली ठेवली आणि बाकाला नीट टेकून बसल्या.

"तो गेल्यापासून त्याच्याबद्दल नवीन असं काही कळलंच नव्हतं हो. अजून सांगा. खोटं असलं तरी चालेल."