नजर कमजोर

पावसात चष्म्यावर वाफ धरायची, पळताना तो काट्यांत अडकून पडायचा. लाकूडचोरांमागे धावणाऱ्या वनरक्षक अंजनी ठवरेने शेवटी रजा टाकली आणि जबलपूरला सदर बाजारातल्या दवाखान्यात डोळ्यांचं लेझर ऑपरेशन करून घेतलं.

चार महिन्यांनी, भरदुपारी, नाल्यापलीकडे चोरीचं सागवान भरणारा ट्रक तिला दिसला. तिने अलीकडूनच नंबर वाचला आणि रिपोर्ट दिला. ट्रक निघाला मोठ्या साहेबांच्या मेव्हण्याचा.

साहेबांनी तिची जुनी फाइल उघडली. "तुम तो चश्मा लगाती हो. उस दिन लगाया था?"

"नहीं साहब, वो ऑपरेशन के बाद..."

"बस. नहीं लगाया था, इतना ही लिखो," ते बाबूला म्हणाले.

अंजनीचं डोकं भणभणलं. रागात तोंडून मराठीच निघालं. "कोणतंही बारीक अक्षर धरा समोर, इथूनच वाचून दाखवते! काहून खोटं लिहून राहिले?"

साहेबांनी बाबूने लिहिलेल्या कागदावर सही ठोकली.



सोमवारी ऑफिसच्या बोर्डावर लागलेला हुकूम तिने फाटकातूनच वाचला : 'नजर कमजोर असल्यामुळे वनरक्षक अंजनी ठवरे यांना जंगलाच्या कामावरून हटवण्यात येत आहे.'