फुकटची यादी

माणगावच्या प्राप्तीला कोकम सरबताची पहिलीच परदेशी ऑर्डर आली. माल घेणारा ज्यांच्याशी व्यवहाराला बंदी आहे अशांच्या सरकारी यादीत नाही, एवढी खात्री बँकेला हवी होती. प्राप्ती ती यादी फुकटात बघणार, तेवढ्यात अशी नावं तपासणारं ॲप विकणाऱ्या एका कंपनीचा निकेत दारात हजर.

"मॅडम, फुकटच्या यादीवर कसला भरवसा ठेवताय? आमचं ॲप विकत घ्या. नुसतं मिळतंजुळतं नाव असलं, तरी पकडतं."

"मंग आधी तुमचाच नाव टाका बगू," कोकमं वाळत घालता घालता प्राप्तीची मैनाआत्या म्हणाली.

निकेतने हौसेने टाकलं. पडदा लालभडक झाला. यादीतल्या निकिता नावाच्या कुणा परदेशी पुरुषाशी नाव जुळलं होतं.

"आता पोलिसांना बोलवायचा का?" आत्याने विचारलं.



"मॅडम," निकेत प्राप्तीकडे वळला, "ती फुकटची यादी उघडा ना लवकर, तो मी नव्हे हे कळेल; त्यात त्या माणसाचं जन्मसाल दिलेलं असतं."