दोन मिनिटं

"चाबी अर्धीच फिरव. हा पिवळा दिवा विझू दे. मंग सेल मार. अन् लगेच ॲक्सिलेटर दाबू नको बे, थंडीत इंजिनचं ऑइल खाली बसेल रायते."

महादेवराव खिडकीशी वाकून सांगत होते आणि ज्ञानेश्वर स्टिअरिंगवर बसून मुकाट ऐकत होता. हीच भाड्याची गाडी त्याने सहा वर्षं त्यांच्यासोबत पाळीपाळीने चालवली होती. डोणगाव-मेहकर रस्त्यावरचा एकेक खड्डा त्याला नावानिशी ठाऊक. पण लेक सासरी धाडताना बाप जावयाला चार गोष्टी सांगतो, त्या जावयाने ऐकून घ्यायच्या असतात. ज्ञानेश्वरने गाडी विकत घेतली होती; आज ती त्याच्या घरी जाणार होती.

त्याने सेल मारला. धूर अंगणातल्या कपाशीच्या पराटीच्या ढिगावरून पलीकडे गेला.

"हिटर चांगला हाय हिचा," महादेवराव म्हणाले. "काचा लावल्या की दहा मिनिटांत अंदर उन्हाळा."

"अन् सकाळी किती वेळ उभी ठेवू, काका?"

"दोन मिनिटं. जास्त नाई. उभ्या उभ्या नुसतं डिझेल जळते. दोन मिनिटं झाले का सावकाश काढाची. चालता चालताच गरम होते थे."

ओट्यावर बसलेल्या सागरने चहाचा कप खाली ठेवला.

सागर महादेवरावांचा एकुलता एक मुलगा. नोकरी खामगावला, बिऱ्हाडही तिथेच. दोन वर्षांत तो आज पहिल्यांदा घरी आला होता, तोही सहीपुरता. गाडी आईच्या, पुष्पाबाईंच्या नावावर होती. ती दोन वर्षांपूर्वी गेली, म्हणून आता विकायची तर मुलाची सही हवी. सही करायची आणि या अंगणात पुन्हा पाय ठेवायचा नाही, असं बायकोला सांगूनच तो निघाला होता. त्याची आठ महिन्यांची मुलगी आजोबांनी अजून पाहिली नव्हती. सकाळी आल्या आल्या महादेवरावांनी विचारलं होतं, "पोरगी कोणावर गेली रे?" सागरने "कागद कुठं हाय?" एवढंच विचारलं होतं.

आई गेली तो दिवस त्याला विसरता येत नव्हता. अशीच थंडी होती. सागर तेव्हा इथेच राहायचा. बायको, पूनम, माहेरी गेलेली. दाराला आतून कडी घालून, कानात इअरफोन खुपसून झोपायची त्याची सवय. पावणेसहाचा गजर कानात वाजला, त्याने इअरफोन काढले, तर अंगणात गाडी चालू. बाबा सवारी घेऊन निघाले असतील म्हणून त्याने पुन्हा डोळे मिटले. गाडी काही हलली नाही. नुसती घुर्रर्र करत उभी. तब्बल दहा मिनिटांनी बाबांनी दार वाजवलं.

"मायच्या छातीत दुखून राह्यलं. चाल."

तो धडपडत बाहेर आला. दाराशीच आईच्या चपला पायात आल्या. परत येताना बिचारी अनवाणी कशी येईल, म्हणून त्याने त्या गाडीत टाकल्या. आई ब्लँकेटमध्ये गुंडाळलेली, मागच्या सीटवर टेकून. त्याने तिचं डोकं मांडीवर घेतलं, हात हातात धरला. हात गरम होता. मेहकरपर्यंत तो "माय, ओ माय" म्हणत राहिला.

डॉक्टर एवढंच म्हणाले, "आणायला उशीर झाला."

ती दहा मिनिटं तेव्हापासून सागरच्या काळजात रुतून बसली होती. हात गरम होता तिचा! दहा मिनिटं आधी निघाले असते तर?

आज मात्र त्याच्याने राहवलं नाही.

"दोन मिनिटं?" तो उठून उभा राहिला. "मंग त्या दिवशी दहा मिनिटं काऊन, बाबा? माय तडफडून राह्यली होती अन् तुम्ही गाडी गरम करत बसले होते?"

ज्ञानेश्वरने गाडी बंद केली. महादेवराव गाडीच्या टपावर हात ठेवून उभे होते. त्यांची नजर मुलाकडे गेली नाही.

"चुकलं माह्यं," ते म्हणाले. मग "कागद आणतो" म्हणत घरात गेले.

सागरचे डोळे भरून आले. रागाने की दुःखाने, त्याचं त्यालाच कळेना.

"आणू द्या कागद, ज्ञानूभाऊ. सही करतो अन् जातो. ह्या माणसाचं तोंड पुन्हा पाहाचं नाई मले."

ज्ञानेश्वर खाली उतरला. घराच्या दाराकडे एकदा पाहून घेतलं आणि सागरजवळ आला.

"काकानं शपथ घातली होती मले. पण आता नाई रावल्या जात. त्या पहाटे आम्ही दोघं जालंब स्टेशनवर सवारी सोडून साडेपाचाले वापस आलतो, सागर. गाडी तापेलच होती."

"मंग?"

"तुही माय तुह्या खोलीच्या दाराशी पडेल होती. हात वर, दाराले टेकेल. तुले हाका मारून मारून... अंग पार थंडं पडलं होतं. जीव जाऊन तास झाला असंल."

सागरने वळून आपल्या जुन्या खोलीच्या दाराकडे पाहिलं.

"काकानं तिले उचलून गाडीत घेतलं. काचा लावल्या, हिटर सोडला, अन् तिचे हात आपल्या हातात घेऊन चोळत बसला. मले म्हणे, तू घरी जाय, ज्ञानू. पोरगा येऊन मायचा हात धरीन, तवा थो गरम लागला पाह्यजे."