औषधासाठी विशेषण

"‘इफेक्टिव्ह’ घालू की ‘एफिकेशियस’?" शामरावांनी चष्मा कपाळावर चढवला. "मोठा शब्द बरा दिसेल."

ठाकूरद्वारच्या त्या दोन खोल्यांत शामरावांचं खोकल्याचं औषध तयार होई. पुढच्या खोलीत कमल टाइप करी. संयुक्त महाराष्ट्राच्या हरताळामुळे काल छापखाना बंद होता. आज औषधाच्या जाहिरातीचं इंग्रजी पत्रक तिथं पोचायलाच हवं होतं.

"‘एफिकेशियस’ म्हणजे अंगी गुण असलेलं," कमल म्हणाली. "‘इफेक्टिव्ह’ म्हणजे ज्याचा गुण आला ते."

"मग ‘इफेक्टिव्ह’च. खाली तुमच्या वडिलांचं पत्र आहेच की." ते थबकले. गुणाजींना जाऊन अजून महिना झाला नव्हता. "म्हणजे, तुमची हरकत नसेल तर. परळ-लालबागला त्या पत्रावर बाटल्या खपतात, कमलबाई. इंग्रजीत गेलं की मद्रासपर्यंत जातील."

"आमच्या चाळीतल्या राधाबाईंच्या नवऱ्याला खोकताना रक्त पडतंय. इस्पितळात जात नाही. म्हणतो, गुणाजी गेला तो तापानं, खोकल्याला गुण आलाच होता, मलाही येईल." तिनं यंत्रावरचे हात काढून मांडीवर घेतले. "ते पत्र काढा. मराठी पत्रकातूनही."

शामरावांनी फाइल उघडली. "हे बघा, स्वच्छ लिहिलंय. ‘दोन बाटल्यांत खोकला थांबला.’ खाली सही. आपण मनचं काही छापलेलं नाही."

"अक्षर त्यांचं. मजकूर माझा. मला इथं लागून आठवडा झाला होता. तुम्ही म्हणालात, एखाद्या गिरणीकामगाराचं पत्र मिळालं तर बरं. बाबा जेवता जेवता म्हणाले, काय लिहू ते सांग. बाटली मी दुसऱ्या दिवशी नेली."

मागच्या खोलीत बाटल्यांना बुचं ठोकणं चाललं होतं. शामरावांनी मधलं दार लोटून घेतलं.

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"नोकरी हवी होती. अजूनही हवी आहे."

शामरावांनी टाचणी काढून ते पत्र तिच्यापुढे सरकवलं. तिनं घडी घालून पर्समध्ये ठेवलं आणि यंत्रात कोरा कागद चढवला.

"मराठीचं उद्या बघू. नवीन छापू," ते हळू आवाजात म्हणाले. "पण इथं विशेषण तर काहीतरी घालायलाच हवं."

"‘स्वीट’ घाला," कमल म्हणाली. "बाबांच्या शेवटच्या बाटलीत थोडं उरलं होतं. मी चाखून पाहिलं."