छापखान्याशेजारची गल्ली

"सांगितलं तर कुणाचा विश्वास बसणार नाही," मामा खुर्ची पुढे ओढत म्हणाले, "पण त्या गल्लीत एक शिंपी आठ दिवस अडकला होता. शिरला तेव्हा काडीसारखा. पलीकडे सासुरवाडी. महिनाभर पाहुणचार झोडून परतला, तो मधोमध रुतला! वरून शिडी लावून आम्ही त्याला जेवण पोचवायचो."

"जेवण पोचवत होता म्हणूनच निघाला नसेल," ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर म्हणाला.

भाची हसली नाही. तिच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर छापखाना आणि बेकरी यांच्यामधून एक पांढरी रेघ सरळ मागच्या रस्त्याला जाऊन मिळत होती. सकाळी चाचणीच्या फेरीत याच रेघेने ड्रायव्हरला नेऊन भिंतीसमोर उभं केलं. गाडी मागे घेऊन वळसा घालण्यात नऊ मिनिटं गेली. आत पेशंट नव्हता, एवढंच नशीब. बारा वाजल्यापासून शहरातल्या साऱ्या ॲम्ब्युलन्स तिच्या नकाशावर धावणार होत्या. त्याआधी, प्रत्येक रस्ता जागेवर आहे, असं लिहून तिला सही करायची होती.

"एवढी अरुंद गल्ली?" तिने विचारलं. "नकाशात वीस फूट दाखवलीय, मामा."

"नंतर रुंद केली."

"आणि भिंत?"

"ती त्याच्याही नंतर."

ड्रायव्हरने भुवया उंचावल्या. "ताई, राग मानू नका. गेल्या आठवड्यात तुम्ही अख्खं शहर समुद्रात बुडवलं होतं. हेही तसलंच काही नाही ना?"

तो घाव तिला लागला, कारण खरा होता. पालिकेने रस्त्यांची माहिती सगळ्यांसाठी खुली केलेली. ती फाइल डाउनलोड करून वेबच्या नकाशाजोगी करताना तिच्याकडून अक्षांशांच्या जागी रेखांश पडले होते. म्हणून आज तिने पहिला संशय स्वतःवरच घेतला होता. पालिकेची मूळ फाइल, हात न लावलेली, उघडून पाहिली. गल्ली तिथेही होती. ज्या कागदी नकाशावरून ती फाइल बनली, तोही मागवला. गल्ली त्यातही होती, आणि कोपऱ्यात सही होती मामांची. पालिकेत तीस वर्षं त्यांनीच नकाशे काढले होते.

"मी बेकरीवाल्याला विचारून आलोय," ड्रायव्हर म्हणाला. "छापखान्याची आणि त्याची भिंत एकच. आजोबांच्या काळापासून. तुमचा शिंपी सोडा, मधून मुंगी जायची नाही."

मामांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा पुसला.

"एक जण होता," ते शेवटी म्हणाले. "आमचे नकाशे उतरवून स्वतःच्या नावाने छापायचा. चोरी सिद्ध कशी करायची? रस्ते काय, जो मोजेल त्याला सारखेच दिसणार. म्हणून मी एक नसलेली गल्ली काढली. त्याच्या नकाशात ती जशीच्या तशी आली आणि बेटा सापडला. साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली माझी."

"मग पुसली का नाही?"

"पाठ थोपटल्यावर कोण पुसतो गं?"

भाचीने रेघ निवडली आणि उडवली. छापखाना आणि बेकरी एकमेकांना चिकटले. घड्याळात अकरा चाळीस झाले होते. बाहेर आवारात गाड्या धुऊन रांगेत उभ्या होत्या. एका गाडीचं इंजिन सुरू झालं.

"मामा, आता गंमत नको. अशा अजून किती आहेत?"

"एकच."

"नक्की? रात्री कुणाचा बाप गाडीत असेल, आणि समोर भिंत."

"गळ्याशपथ, एकच. तीही तू आत्ताच उडवलीस. कर सही निश्चिंतपणे."

तिने पेन उचललं. ड्रायव्हर मात्र तिच्याकडे बघत नव्हता, कागदाकडेही नाही. त्याची नजर मामांच्या मांडीवरच्या हातावर होती.

"काका, खोटं बोलताय," तो म्हणाला. "तोंडाने एक म्हणताय, आणि अंगठा पेरं मोजत तिसऱ्या बोटावर पोचलाय."