मेणाची कांडी

अंगठ्यांत खडे बसवणाऱ्या त्या कारागिराच्या घरी सहा वर्षांनी जुने मालक आपल्या पायांनी चालत आले होते. "झालं गेलं सोड रे. तुझ्यासारखा हात मला पुन्हा मिळाला नाही. उद्यापासून ये."

त्यांच्यापुढे चहा ठेवता ठेवता बायकोने त्याला डोळ्यांनीच खुणावलं, हो म्हणा. सहा वर्षं एकाही सराफाने त्याला दारात उभं केलं नव्हतं. हिरा चोरल्याचा बोभाटा त्याच्याआधीच तिथे पोहोचलेला असायचा. हिरे धरायच्या चिमट्याने तो आता लोकांच्या चष्म्यांचे स्क्रू बसवत होता.

"येतो," तो म्हणाला. "फक्त एकदा सगळ्या कारागिरांसमोर सांगा, तो हिरा मी घेतला नव्हता."

मालक खळखळून हसले. "एवढंच ना! अरे खुळ्या, तू गेलास त्याच आठवड्यात सापडला तो. खडे उचलायच्या माझ्याच मेणाच्या कांडीत रुतून बसला होता. म्हटलं, आता उगाच कशाला पुन्हा विषय काढायचा?"

बायको पुढे झाली आणि त्यांच्यासमोरचा भरलेला कप उचलून आत घेऊन गेली.